स्वयंपाकघरात शून्य कड्डी

हुक्केरीकर अण्णांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिणार आहे आणि ते वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. मला आजवर नळवाल्यानं फसवलं नाही, फरशीवाल्यानं नाही, ट्रकवाल्यानं तर नाहीच नाही. निपाणीजवळच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी बेंगळूरला आलो, दुसऱ्याच्या दुकानात पाइप उचलले, आणि आज जे. पी. नगरात नळ, बेसिन आणि फरश्यांचं माझं स्वतःचं दुकान आहे. दुकानदारानं सांगितलेल्या भावात मी आयुष्यात एक वस्तू घेतली नाही. घेतली ती एकच, मोबाईलचं कनेक्शन. आणि ती घ्यायला लावली अण्णांनी.

अण्णा आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटे राहतात. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि एक्स्चेंजातल्या खुर्चीवर संपवली. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पक्कड घेतली आणि स्वतःच्या घरात आलेली टेलिफोनची तार स्वतःच कापून टाकली. खात्याला रीतसर अर्ज करून, हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून त्यांच्या घरी फोन नाही. मोबाईल तर नाहीच. पण आमच्या भागातल्या तीन क्रॉसमध्ये, म्हणजे आडव्या गल्ल्यांमध्ये, कुणी मोबाईल घ्यायचा म्हटला, की कंपनी ठरवतात अण्णा. कुणाचा बिघडला की दुरुस्तही करतात अण्णाच. फुकट. ही फुकटची गोष्टच मला तेव्हा खटकायला हवी होती.

गावात कंपन्या दोन. अण्णा त्यांना नावानं हाक मारत नाहीत. आधी आली ती थोरली, नंतर आली ती धाकटी. जावाजावांबद्दल बोलावं तसं बोलतात. "थोरली जरा मिजासखोर आहे बघा, पण शब्दाची पक्की. धाकटी गोड बोलते, पाऊस आला की गायब." कुणी दराचा कागद घेऊन आलं की तो कागद उलटा करून टेबलावर ठेवतात. "दर कागदावर दिसतोय. रेंज कागदावर दिसते काय? आधी पाहणी, मग मागणी."

ही पाहणी बघण्यासारखी असते. आमच्या डॉक्टरांकडून थोरलीचा हँडसेट आणि एका विमा एजंटाकडून धाकटीचा, असे दोन उसने आणायचे. एक डाव्या तळहातावर, एक उजव्या. मग तराजू धरल्यासारखे दोन्ही हात पुढं करून अण्णा तुमच्या घरात शिरतात. दिवाणखाना, जिना, गच्ची, न्हाणीघर. प्रत्येक ठिकाणी थांबून पडद्यावरच्या उभ्या रेघा मोजायच्या. कानडीत काडीला कड्डी म्हणतात, म्हणून या रेघाही कड्ड्याच. "न्हाणी, थोरली दोन कड्डी, धाकटी तीन." न्हाणीघरात कोण आंघोळ करतंय याची त्यांना फिकीर नसते. एकदा एका घरात आतून तिथले प्रोफेसर ओरडले, "कोण आहे?" बाहेरून उत्तर गेलं, "स्वल्प सरका हो, तुमच्या अंगाआड रेंज येत नाही."

हे सगळं एका जुन्या, लांबट, लाल पाठीच्या वहीत उतरवलं जातं. खात्यातली सवय. तुमच्या फोनचं काहीही बिघडलं असलं तरी अण्णा आधी वहीत तक्रार नोंदवतात, तिला नंबर देतात आणि तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवतात. बाकावर तुम्ही एकटेच असलात तरी नंबर पुकारल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि दोष फक्त तीन. यंत्राचा दोष, आकाशाचा दोष आणि धरणाऱ्याचा दोष. शंभरात नव्वद वेळा तिसराच निघतो.

आमच्या माडीवर जोगळेकर नावाचा पुण्याचा तरुण भाड्यानं राहतो. कॉम्प्युटरच्या कंपनीत इंदिरानगरला जातो. तो राहायला आला त्या आठवड्यातच धावत अण्णांकडे गेला. "काका, माझा सेट टोटली डेड झालाय. रात्रभर चार्जिंगला लावला होता, स्टिल काहीच नाही."

अण्णांनी नोंद केली, नंबर दिला, बसवला, पुकारला. मग विचारलं, "चार्जर भिंतीत खुपसलात. खाली बटण असतंय, ते दाबलात?"

जोगळेकर उठून चपला शोधू लागला.

"धरणाऱ्याचा दोष," असं मोठ्यानं म्हणत अण्णांनी लिहिलं.

दुसरी एक गोष्ट तर सगळ्या क्रॉसला माहीत आहे. समोरच्या नागरत्नाबाईंच्या यजमानांनी फोनला कुलूप घातलं होतं. चार आकडी. बाईंना म्हणाले, आपल्या लग्नाची तारीख आणि महिना टाक, उघडेल. बाईंनी टाकला. उघडेना. पुन्हा टाकला, पुन्हा टाकला, आणि तिसऱ्यांदा चुकल्यावर फोन कायमचा अडून बसला. यजमान चिडले, की एवढं साधं येत नाही. दोघं भांडत अण्णांकडे. अण्णांनी शांतपणे विचारलं, "लग्नाची पत्रिका आहे काय घरात?" पत्रिका आली. बाईंची तारीख बरोबर होती. यजमान बावीस वर्षं चुकीच्या दिवशी मिठाई आणत होते. अण्णांनी कंपनीकडून मोठा नंबर मागवून कुलूप काढून दिलं आणि वहीत लिहिलं, 'धरणाऱ्याचा दोष. धरणारा: पती.'

असा माणूस. याच्यावर कुणीही विश्वास ठेवेल. मीही ठेवला.

दोन वर्षांपूर्वी मी मोबाईल घ्यायचं ठरवलं. कंत्राटदार लोक साइटवरून फोन करतात, दुकानात मी नसलो तर माल दुसरीकडून उचलतात. धाकटीच्या इंदिरानगरच्या डीलरला मी तीन दुपारी बसून घामाघूम केला होता. अनामत अर्धी करून घेतली, चामडी कव्हर फुकट, वर एक जादा बॅटरी. चौथ्या दिवशी सही करायची. अण्णा दारात आले. "निकमराव, पाहणी न करता सही करताय? तुमच्यासारखा माणूस?"

मी म्हटलं, करा पाहणी.

वेळ दुपारी दीडची होती. त्या वेळी मी जेवायला घरी येतो आणि आम्ही स्वयंपाकघरातच, खाली पाट मांडून जेवतो. तेव्हा घरच्या फोनला मी वीस फूट वायर लावून घेतली होती, म्हणजे तो उचलून ताटाजवळ ठेवता यायचा. त्या दिवशी होसूरहून निघालेला ट्रक चेकनाक्यावर अडकला होता. रिसीव्हर मानेत धरून मी ड्रायव्हरला कानडीत, क्लीनरला हिंदीत आणि ट्रकच्या मालकाला मराठीत शिव्या देत होतो. समोर माझी बायको मालू आणि मुलगी सुधा जेवत होत्या. अण्णा दोन्ही हात पुढं करून दारात उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मालू म्हणाली, "अण्णा, बसा की, पान वाढते." ते म्हणाले, "नको अक्का, ड्यूटीवर आहे."

मग वहीत काहीतरी लिहून त्यांनी निकाल दिला. "धाकटी घेऊ नका. या घरात तिला एक कड्डी नाही. थोरली घ्या. आणि हा तारेचा फोन दुकानात हलवून टाका. खिशात एक असताना घरात दुसऱ्याचं बिल कशाला?"

बिलाचं ऐकलं आणि मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी तारेचा फोन दुकानात हलवायला सांगितला आणि थोरलीच्या काउंटरवर गेलो. तिथली मुलगी हसून म्हणाली, "सर, फिक्स्ड प्राइस." अनामत पूर्ण. कव्हर विकत. जादा बॅटरीचं नाव काढलं तर ती पुन्हा हसली. तिनं सांगितलेल्याच भावात मी सही केली.

थोरली बाकी सगळीकडे खणखणीत चालायची. दुकानात, गोदामात, गच्चीवर. फक्त स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की कड्ड्या एकेक करून विझायच्या आणि पाटावर बसेपर्यंत शून्य. मी तक्रार केली. नंबर मिळाला, बाकावर बसलो, नंबर पुकारला गेला. अण्णांनी फोन कानाशी धरला, झटकला, आतलं कार्ड काढून खोडरबरानं घासलं, परत बसवलं. "आकाशाचा दोष," म्हणाले. "तुमची ती भिंत जाड आहे. इलाज नाही."

मी भिंतीला शिव्या दिल्या. जेवताना हातात काहीच नसल्यावर माणूस काय करणार? पहिले काही दिवस मी भराभर जेवून अंगणात पळत होतो. मग उन्हाळा आला, अंगण तापलं, मी पाटावरच बसून राहू लागलो. बसलो की ऐकू यायचं. सुधाला मी अबोल समजत होतो. ती अबोल नव्हती, तिला जागा मिळत नव्हती. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फरशीचा भाव पाडता, पण पेटीत फुटून आलेल्या फरश्या कोण मोजतं?" कुणीच मोजत नव्हतं. त्या सुट्टीत ती दुकानात बसायला लागली. फुटलेल्या फरश्यांवरून तिनं मालवाल्याला असा पिळला, की तो मला म्हणाला, "शेट, तुमच्याशीच बोलतो, मुलीशी नको." मालूचंही तसंच. तिच्या बहिणीच्या घरातलं भांडण मला तीन वर्षं उशिरा कळलं आणि तोवर ते मिटलंही होतं.

पण मी धंदेवाला आहे. मंजप्पा नावाचा कंत्राटदार जवळच चार मजली इमारत बांधत होता. सगळ्या न्हाणीघरांचा माल माझ्याकडून घ्यायचं तोंडी ठरलेलं होतं. सहा महिने मी त्याच्या मागे होतो. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी इमारतीच्या मालकांनी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता ऑर्डर पक्की कर. त्यानं मला दीड वाजता फोन लावला. तीनदा लावला. तिन्ही वेळा कंपनीच्या रेकॉर्डातल्या बाईनं सांगितलं, आपण फोन केलेली व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. दुकानात लावला तर तिथला नोकर म्हणाला, शेट जेवायला गेलेत. पावणेदोनला मंजप्पानं माझ्या समोरच्याच दुकानात ऑर्डर दिली. मला म्हणाला, "येन माडोदु निकमण्णा, काय करणार? तुम्ही जगातच नव्हता."

मी माझ्याच स्वयंपाकघरात होतो. वरणभात खात होतो.

त्याच रविवारी मालूनं जोगळेकरला जेवायला बोलावलं होतं. तो पाटावर बसला, पहिला घास घेतला आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. माझ्या स्वयंपाकघरात. जाड भिंतीच्या आत. त्यानं उचलला आणि पुण्याला आईशी खुशाल बोलला. "अगं हो आई, जेवतोच आहे, तू लवकर ठेव, इनकमिंगलाही पैसे पडतात."

मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. पडद्यावर चार कड्ड्या उभ्या होत्या. "कुठली कंपनी?"

तो घाबरला. "धाकटी. म्हणजे अण्णाच म्हणतात तसं. का काका? अ‍ॅक्च्युअली इथं रेंज एकदम फुल असते."

हात धुतला न धुतला, मी तिसऱ्या घरात पोचलो. अण्णा बाकावर कुणी नसताना आत वही उघडून बसले होते. मी नंबर घेतला नाही.

"थेरड्या!" मी म्हटलं. पासष्टीच्या माणसाला असं म्हणू नये, पण म्हटलं. "धाकटीला माझ्या घरात चार कड्ड्या आहेत! तुम्ही खोटं बोललात! माझी ऑर्डर गेली! त्या कंपनीनं किती दिले तुम्हाला?"

अण्णांनी चष्मा काढला. "स्वल्प बसा."

"बसणार नाही."

"सरी, बरं, उभ्यानं वाचा." त्यांनी मागची पानं उलटून वही माझ्याकडे फिरवली. माझ्या घराची पाहणी. एकही आकडा खोटा नव्हता. 'स्वयंपाकघर: धाकटी चार, थोरली शून्य. शिफारस: थोरली.' आणि त्यापुढं शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जेवणारे तीन. बोलणारा एक. तोही फोनवर.'

"वहीत मी खोटं लिहीत नाही," अण्णा म्हणाले. "तोंडानं बोललो, ते खोटं बोललो."

"मला सांगायचं होतं! जेवताना फोन बंद ठेवला असता मी!"

"ठेवला असता?"

मी वही मिटून त्यांच्यापुढं ठेवली.

"निकमराव, माझ्या घरात खात्याचा फोन होता. स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीवर. वाजला की पानावरून उठायचं. खांब पडला, उठा. मंत्र्याची लाइन गेली, उठा. रिसीव्हर काढून बाजूला ठेवता येत होता की. चौतीस वर्षांत हात गेला नाही." ते हसले. "बायकोची आमटी चांगली होती म्हणतात. आलेगेले सगळे म्हणायचे. मला ठाऊक नाही. मी यायचो तेव्हा गार असायची, आणि गार आमटीचं मीठ कळत नाही बघा. कमी पडलं, जास्त झालं, काही सांगितलं नाही मी तिला. ती विचारायची. मी म्हणायचो, बरं आहे. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हा ती गेली."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी येऊन बसल्याचा आवाज झाला. अण्णांनी पुकारलं नाही.

अशा वेळी मला फक्त ओरडता येतं. "उद्या दीडला माझ्या घरी या," मी ओरडलो. "जेवायला. माझी ऑर्डर घालवलीत, आता पाटावर बसून मालूला जाब द्या!"

ते आले. मालूनं जाब मागितला नाही, गरम भात वाढला. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच. येताना वही घरी ठेवून येतात. सुधाला टेलिफोनच्या खांबांच्या गोष्टी सांगतात, मला घासाघीस कशी करू नये ते सांगतात. मालूच्या स्वयंपाकात ते इतक्या चुका काढतात, की दुसऱ्या कुणी काढल्या असत्या तर तिनं पळी फेकून मारली असती. फोडणी करपली, चिंच जास्त, आज खोबरं जून निघालं. ती पदर खोचून ऐकते आणि दुसऱ्या दिवशी तसं करते. मी धाकटी घेतली नाही. डीलरचा दोनदा निरोप आला, जुन्या सवलतीत देतो म्हणाला, वर घड्याळ देतो म्हणाला. मी म्हटलं, भिंत जाड आहे.

म्हणून अण्णांना मी माफ केलंय असं समजू नका. मंजप्पाच्या इमारतीवरून जाताना मी अजून तिची न्हाणीघरं मोजतो.

पण आता खरी तक्रार. गेल्या महिन्यात थोरलीनं आमच्या मागच्या क्रॉसवर, बेकरीच्या गच्चीवर, नवा मनोरा उभा केला. आम्हाला कुणी विचारलं नाही. त्यानंतरच्या एका सोमवारी आम्ही चौघं पाटावर बसलो होतो आणि माझ्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. खणखणीत. चार कड्ड्या.

मी खिशात हात घालायच्या आधी अण्णा उठले होते. हातात घास तसाच, तोंड दाराकडे. फोन त्यांचा नव्हता. त्यांच्याकडे फोनच नाही. तरी ते पानावरून उठून उभे राहिले होते, आणि उभं राहिल्यावर त्यांना कळेना की जायचं कुठं. सुधा हळूच म्हणाली, "आजोबा, बसा. बाबांचा आहे." ते बसले. नंतर म्हणाले, "काही नाही, काही नाही." पण त्यांनी ताकभात घेतला नाही. आमटीला काही नाव ठेवलं नाही. मंगळवारी आलेच नाहीत. पोटाचं कारण सांगून पाठवलं.

लोक सांगतात, फोन बंद ठेवा की. ठेवला. दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी भाताच्या आधीच माझा हात खिशात गेला होता, मला कळलंसुद्धा नाही. मालूनं बघितलं.

गुरुवारी मी थोरलीच्या काउंटरवर गेलो. तीच हसरी मुलगी. मी तक्रार लिहून दिली. तिनं दोनदा वाचली. "सर, पण तुमची रेंज तर इम्प्रूव्ह झालीय."

"कुणाला विचारून?"

"सर?"

"पूर्ण दर भरून मी जे कनेक्शन घेतलं ते स्वयंपाकघरात लागत नव्हतं. म्हणूनच घेतलं होतं, हे मला उशिरा कळलं, तो भाग वेगळा. पण घेतलं ते तसं घेतलं. तुम्ही न विचारता माल बदललात."

तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला कॉफी पाजली आणि नवी योजना समजावून सांगू लागले. मी कॉफी प्यालो, योजना ऐकली नाही. त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाले, सात दिवसांत उत्तर देऊ. आज बारावा दिवस आहे. अण्णांचं पान मालू रोज मांडते आणि दोन वाजता उचलते.

कंपनीनं उत्तर द्यावं. फोनवर नको, मी जेवत असेन. त्या साहेबांनी दुपारी दीड वाजता स्वतः माझ्या घरी यावं, त्या रिकाम्या पाटासमोर बसावं आणि तोंडानं सांगावं, की माझ्या स्वयंपाकघरात या चार कड्ड्या कुणाच्या परवानगीनं आणल्या.